विहिरीवरची जाळी

मी बसमध्ये कंडक्टर आहे. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, डेपोतून पाठवतील तिकडे जाते. खचाखच गाडीत उभी राहून तिकिटं फाडलीत, झिंगून चढलेल्या माणसाला बकोटीला धरून खाली उतरवलंय, आणि सुट्ट्यावरून जो माझ्याशी एकदा भांडला तो पुन्हा माझ्या गाडीत तोंड उघडत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाई मुळातच घाबरट असणार. नव्हते मी घाबरट. मला आजार झाला होता.

आजार असा, की मला माझ्या तान्ह्या पोरीजवळ एकटीने राहता येत नव्हतं. माझ्याच हातून तिला काहीतरी होईल अशी भीती बसली होती, आणि ती भीती मेलं कोणाला सांगायचीही सोय नव्हती. कोणत्या आईने असं सांगायचं? म्हणून आता लिहितेय. एखादी बंद खोलीत हेच घेऊन बसली असेल तर तिने वाचावं. आणि ज्यांच्याकडे बाळंतिणीसाठी बाई ठेवायचं चाललंय त्यांनीही वाचावं, कारण आमच्याकडे बाई फार चांगली मिळाली होती आणि घोळ तिथूनच वाढला.

तू झोप

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे अल्लीपूरला, हे ठरलेलंच होतं. पण माझे दिवस भरत आले आणि आई गच्चीवर कुरड्या वाळत घालून उतरताना शिडीवरून घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये. घरात बाकी फक्त बाबा, आणि ते दिवसभर वावरात. सासूबाई रोहण्याला, त्यांच्याकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस, त्यांना हलता येत नव्हतं. माझा नवरा नीलेश वर्ध्याला विजेच्या सामानाच्या दुकानात काम करतो. त्याच्या मित्राच्या बायकोचं बाळंतपण पवनारच्या गिरजामावशींनी केलं होतं. त्यांनाच राहायला बोलवायचं ठरलं.

पोरगी झाल्यावर मावशी आल्या त्या पिशवीत स्वतःचा पाट घेऊन. लेकराला अंघोळ घालताना बसायचा पाट. "दुसऱ्याच्या पाटावर माही बैठक जमत नाई," म्हणाल्या. चहा प्यायच्या आधी त्यांनी माझी खोली पाहिली. खिडकी लावली, कडी घातली, फटीत कापड कोंबलं. मग कूलरची वायर काढली, गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली.

"मावशी, मे महिना आहे," मी म्हटलं. "उकडून मरीन मी."

"बाळंतीण गरमीनं नाई मरत, वाऱ्यानं मरते. तू झोप."

हे 'तू झोप' मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की मावशींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी कानात वाजायचं. कानाला फडकं बांधलेलं, खाटेखाली शेगडी, तिच्यात ओवा टाकून धुरी. बाहेर वर्ध्याचं ऊन, आत शेगडी! बाळंतशोपा घातलेलं कोमट पाणी प्यायचं, तेही मोजकं. लाडू खायचे. पोरगी रडली तर उचलायचं नाही, कारण मावशी उचलायच्या. लंगोट बदलायचे नाहीत, कारण मावशी बदलायच्या. सव्वा महिना दार ओलांडायचं नाही. सव्वा महिना झाला की आमच्याकडे बाळंतीण लेकराला घेऊन विहीर पुजते. विहिरीला हळदकुंकू वाहते, ओटी भरते, पाण्याची घागर आणते, आणि मग ती घरात-बाहेर फिरायला मोकळी. तोवर खोली एके खोली.

मावशींच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, हे खरं. पोरीला मालिश करताना तिच्याशी अशा गप्पा मारायच्या की जणू दोघी एका शाळेत होत्या. बघायला आलेल्या बाया म्हणायच्या, "वर्षाचं नशीब पाहा बापा! कामाले हात लावू देत नाई मावशी." मीही हसायचे. आठवडाभर मला खरंच बरं वाटलं. कोणाला आवडत नाही हो आयतं?

बादलीचा आवाज

माझ्या खोलीच्या खिडकीमागे अंगण आणि अंगणात विहीर. कठडा कमरेइतका. वर बाबांनी लोखंडी जाळी करून बसवलेली, अर्धी उघडायची. वापरायचं पाणी मोटारीने यायचं, पण प्यायचं पाणी आमच्याकडे अजून दोराने शेंदतात. आईचा हात मोडल्यापासून ते काम मावशींकडे गेलं होतं.

एका दुपारी मावशी पाणी शेंदायला गेल्या. आई स्वयंपाकघरात एका हाताने काहीतरी आपटत होती. पोरगी दूध पिऊन माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या ओठांवर दुधाचा थेंब होता. मी तो पुसला. बाहेर बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला आणि माझ्या डोक्यात आलं, हिला नेऊन विहिरीत टाकलं तर?

बस्, एवढंच. मला टाकायचं नव्हतं. रागही आला नव्हता, पोरगी रडतही नव्हती. कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही. पण हात गार पडले. मी तिला गादीवर ठेवलं, खाटेच्या दुसऱ्या टोकाला सरकले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. मावशी येईपर्यंत तशीच बसले.

"काय झालं वं? घामानं भिजली तू."

"गरमी होऊन राह्यली," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. मग बादली वाजली की यायचं. मग न वाजताही यायला लागलं. मी डोळे मिटले की मला कठडा दिसायचा, माझे हात दिसायचे, आणि ते रिकामे असायचे. मला वाटायचं, मी अशी आहे का? आतून अशीच होते का मी, आणि लेकरू झाल्यावर हे बाहेर आलं का? गाडीत एखादं बाळ रडलं तर त्याला मांडीवर घेऊन तिकिटं देणारी मी. माझ्याच पोरीला हात लावायची मला धास्ती वाटायला लागली.

मग मी आपले नियम केले. पोरीजवळ एकटं राहायचं नाही. पाजायचं तेव्हा मावशी समोर पाहिजेत. मावशी उठल्या की पोरगी त्यांच्या हातात. आणि विहिरीवर जाळी पाहिजे.

"आई, जाळी टाकली का?"

"टाकली."

जरा वेळाने पुन्हा, "आई, जाळी पाहून येतं का?"

"किती बार इचारतं वं?" आई वैतागायची. "विहीर का कुठी पळून चालली?"

मी झोपणं सोडलं. मावशींना वाटलं मला वारं लागलं, त्यांनी खिडकीच्या फटीत आणखी एक कापड कोंबलं. शेगडीत ओवा जास्त पडायला लागला. आईला वाटलं अंगावर दूध कमी म्हणून मी रडते, तिने लाडू वाढवले. सगळे माझ्यासाठीच करत होते हो, कोणी वैरी नव्हतं. पण मला त्या खोलीत श्वास पुरत नव्हता. दार उघडं असतं तरी मी बाहेर गेले नसते, कारण बाहेर विहीर होती. आत राहवत नव्हतं, कारण आत पोरगी होती आणि माझे हात होते. मी अशी दोन्हीकडून कोंडले गेले.

मावशीला ठेवून घ्या

जसजसा सव्वा महिना जवळ यायला लागला तसा माझा जीव उडायला लागला. त्या दिवशी विहीर पुजायची होती, आणि त्यानंतर मावशी जाणार होत्या. म्हणजे मी आणि पोरगी. दिवसभर. एकट्या.

रविवारी नीलेश आला की मी मागे लागायचे. "अहो, मावशीले ठेवून घ्या. सहा महिने ठेवा. वर्ध्याले घेऊन चला."

"ठेवू नं," तो म्हणायचा. "तुले आराम पाहिजे तं ठेवू." बिचाऱ्याने एकदाही काऊन, कशाला म्हणून विचारलं नाही. त्याला वाटत होतं, बायकोला मदत हवी आहे आणि आपण ती देतोय. त्यालाही बरं वाटत होतं. पण मावशी पोरीला जितकं जास्त उचलायच्या तितकं माझ्या मनात पक्कं होत होतं की हे काम माझं नाहीच, माझ्या हातात पोरगी देणं धोक्याचंच आहे.

आईला मात्र हे रुचेना. एका दुपारी ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन दारात बसली आणि तिने मला सुनावलं.

"तुह्या पोट्टीचा आंग कसा आहे थे तरी माईत आहे का तुले? मावशी देते, तू पाजतं, मावशी नेते. गाय बरी तुह्याहून, थे चाटते तरी वासराले."

मी, जी कोणाचं ऐकून घेत नाही, ती भिंतीकडे तोंड करून पडले. आई उठून गेली. त्याच दिवशी संध्याकाळी पोरगी पहिल्यांदा हसली, मावशींकडे पाहून. मावशी हरखून ओरडल्या, "अवं पाह्य, हासली!" मी खाटेवरून मान उंचावून पाहिलं. तोवर हसू संपलं होतं.

मला फार वाईट वाटलं. इतकं की मी ठरवलं, विहीर पुजायच्या दिवशी सगळे अंगणात असतील तेव्हा मागच्या दाराने निघायचं, चौकात जायचं, जी गाडी येईल तिच्यात बसायचं आणि परत यायचं नाही. पोरगी मावशींजवळ राहील. माझ्यापासून तरी वाचेल.

विहीर पुजली नाही

त्या दिवशी रोहण्याहून सासूबाई आल्या, शेजारच्या बाया आल्या. मला मागच्या दाराकडे फिरकूच कोण देतंय! मावशींनी मला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. कानाचं फडकं सुटलं. बाहेर पाय टाकला तर उजेडाने डोळे दिपले. आणि समोर जाळी उघडून ठेवलेली.

"घे वं," मावशी म्हणाल्या आणि पोरगी त्यांनी माझ्या हातात दिली. "आज मायलेकीचा मान आहे."

बाया बोलत होत्या, हसत होत्या. कोणीतरी मला मागून हलकेच पुढे सरकवलं. मी कठड्याजवळ आले. खाली पाणी दिसलं, काळं, त्यात आभाळाचा तुकडा. पोरगी माझ्याकडे टुकुटुकु पाहत होती.

मी ओरडले. "जाळी टाका! जाळी टाका आधी! माह्या हातानं जाईन थे विहिरीत! मी फेकीन तिले, घ्या तिले माह्याजवळून!"

सासूबाईंनी पोरीला ओढूनच घेतलं. मी खाली बसले, मातीत. मग एक बाई हळूच म्हणाली, "बाहेरचं दिसते." सासूबाई पोरीला छातीशी धरून मागे मागे सरकत गेल्या, पार गोठ्यापर्यंत. आईने डाव्या एका हाताने ती जड जाळी ओढली. तिचा कर्रर्र आवाज झाला. मला आजही तो आठवतो, कारण तो ऐकून मला किती तरी दिवसांनी बरं वाटलं होतं.

गिरजामावशींनी काय केलं? आत गेल्या, पिशवी भरली, पाट घातला आणि दुपारच्या गाडीने पवनारला निघून गेल्या. जाताना आईला एवढंच म्हणाल्या, "मी एकटी बाई आहो माय. उद्या काई झालं तं लोकं मलेच धरतीन." ज्या बाईवाचून मी एक घटका राहू शकत नव्हते ती अशी गेली. त्या दिवशी मला त्यांचा संताप आला. आज येत नाही. चुकीचं काय बोलल्या त्या?

निरोप मिळाला तसा नीलेश आला. सासूबाई म्हणत होत्या की एका ठिकाणी जाऊन दाखवून यावं, तिथला माणूस उतरवून देतो. नीलेश माझ्याशी लग्न झाल्यापासून स्वतःच्या आईला उलटून बोलला नव्हता. त्या दिवशी म्हणाला, "आधी डॉक्टर. मंग ज्याले जिकडं जायचं तिकडं जाजो." पण तोसुद्धा पोरीला घेऊन माझ्यापासून लांब, ओसरीच्या पार त्या टोकाला बसला होता. माझ्या नवऱ्याने माझी पोरगी माझ्यापासून दूर धरली होती. त्याचं बरोबर होतं, मीच तसं सांगितलं होतं. तरी मी ओसरीकडे पाठ करून बसले.

आईने कुठून तरी कुलूप शोधलं, जाळीला लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

माह्या हाताले

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात मानसिक आजारांची ओपीडी वेगळी आहे. बाकावर आम्ही तिघं आणि पोरगी. आई पदर नाकापर्यंत ओढून बसलेली. इतकं जपूनही अल्लीपूरचीच एक बाई समोरून आली.

"इकडं कशा वं तुमी?"

आईने ताडकन प्लास्टर पुढे केलं. "माह्या हाताले."

बाईने वरची पाटी वाचली, आईचा हात पाहिला आणि निघून गेली. नीलेशने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मला हसू फुटलं. आईलाही. त्या बाकावर बसून आम्ही तिघं खदखदून हसलो. ते हसू मला औषधाआधीचं औषध वाटतं.

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी बाकीच्यांना बाहेर बसवलं. मी सगळं सांगितलं. वाटत होतं आता पोलीस बोलावतील, नाहीतर पोरगी काढून घेतील. त्या ऐकत राहिल्या. मग बरंच काही विचारलं. कानात कोणी बोलतं का, कोणी हुकूम देतंय असं वाटतं का, स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटतं का. मग विचारलं, "बाळाला टाकावंसं वाटतं, की आपण टाकू की काय याची भीती वाटते?"

"भीती."

"म्हणून काय काय केलंत?"

मी जाळीचं सांगितलं. हातांवर बसायचं सांगितलं. पळून जायचं ठरवलं होतं तेही सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही बाळाची राखण करताय," त्या म्हणाल्या. "हा आजार आहे, वर्षाताई. बाळंतपणानंतर होतो. नको नको ते विचार येतात, आणि ज्या आईला त्यांची धडकी भरते तिलाच ते जास्त छळतात. बरा होतो."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. इतके दिवस रडत होतेच, पण हे रडणं वेगळं होतं.

झोप पार गेलेली म्हणून त्यांनी मला थोडे दिवस वॉर्डात ठेवून घेतलं, पोरीसकट. आई सोबतीला. पोरगी अंगावर पीत होती म्हणून गोळी तशी बघून दिली. वॉर्डात सकाळी चहा, मग सिस्टर, मग राउंड. सगळ्या खिडक्या उघड्या! डोक्यावर पंखा गरगर फिरायचा. मी नुसती पंख्याकडे पाहत पडायचे. कोणी 'तू झोप' म्हणालं नाही आणि मी गाढ झोपले.

आणि तिथेच अभ्यास सुरू झाला. सिस्टर पोरीला माझ्या हातात द्यायची आणि पडद्यापलीकडे जायची. मग दारापर्यंत. मग चहा पिऊन यायची. विचार यायचा, हात गार पडायचे. मॅडमनी सांगितलं होतं, त्याला हाकलू नका, त्याच्याशी भांडू नका, पोरीला खाली ठेवू नका. मी म्हटलं, "मॅडम, न भांडता राहणं मला जमत नाही, माझा धंदा काय आहे माहीत आहे ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "गाडीत एखादा बडबड्या चढला तर तुम्ही प्रत्येक वेळी गाडी थांबवता का?"

नाही थांबवत. त्याचा स्टॉप आला की तो उतरतो. हे मला पटलं.

हात शिवशिवते

मॅडमनी नीलेशला बोलावून सांगितलं, बाई जरूर ठेवा, पण बाळ बाईकडे देऊ नका. स्वयंपाक, कपडे, भांडी बाईला द्या. बाळाची अंघोळ, लंगोट, झोपवणं आईकडे. नीलेश बाई शोधत फिरला आणि शेवटी पवनारलाच गेला. त्याने गिरजामावशींना उंबऱ्यात बसून सगळं उघड सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अस्सं असते का? मले वाटलं बाहेरचं आहे." आणि आल्या. या वेळी पाट आणला नाही.

वर्ध्याच्या आमच्या घरात मी मोरीत पोरीला अंघोळ घालायचे आणि मावशी दाराशी हात काखेत कोंबून बसायच्या.

"डोक्याखाली हात घे. असा नाई, असा. माय माय, साबण गेला डोयात! दे, मी करतो."

"मावशी, डॉक्टरनं काय सांगितलं?"

"माईत आहे वं. हात शिवशिवते माहे, काय करू?"

पहिले काही दिवस पोरीपेक्षा मावशींचेच हाल जास्त झाले. हळूहळू त्या भाजी आणायला जाऊ लागल्या. मग दुपारी शेजारी गप्पा मारायला. एक दिवस मी पोरीला न्हाऊ घातलं, पावडर लावली, झोळीत टाकलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मावशी मघाच बाजारात गेल्यात आणि घरात मी एकटी आहे. मी झोळीला झोका देत राहिले. पोरीचं नाव तोवर सगळे घेत होते, मीच 'पोट्टी' म्हणायचे. त्या दुपारी मी तिला पहिल्यांदा स्वरा म्हणून हाक मारली. ती दचकून माझ्याकडे बघायला लागली आणि हसली. या वेळी मी जवळ होते.

विचार एका दिवसात गेले असं समजू नका. काही आठवडे बरे गेले की एखादा यायचाच. मी मध्येच मनाने गोळी बंद करून पाहिली आणि चांगली आपटले, तेव्हा तो शहाणपणा करू नका. आणि बाई ठेवताना एवढंच बघा, की ती गेल्यावर तुम्ही पोराला घेऊन उभ्या राहू शकाल अशी मदत ती करते का. बाळंतीण बाळाला हात लावेना तर तिला आळशी म्हणू नका, आराम हवाय असंही धरून चालू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, कशाची भीती वाटते. मला त्या खोलीत हे कोणी विचारलं असतं तर मी बहुतेक सांगितलं असतं.

घागर

राहिली होती आई. तिचं प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण मी अल्लीपूरला गेले की ती माझ्या मागे मागे. मी स्वराला उचललं की ती चूल सोडून यायची. मी अंगणात गेले तर ही झाडू घेऊन अंगणात. जाळीचं कुलूप तसंच, किल्ली कमरेला. पाणी शेंदायचं तेव्हा उघडायची, लगेच लावायची. मी समजावलं, नीलेशने समजावलं.

"तुह्या डॉक्टरीणबाईले काय जाते सांगाले," ती म्हणायची. "तवा तुहा आवाज म्या ऐकला आहे."

मी बरी झाले हे मला माहीत होतं. पण माझ्या आईला माझी भीती वाटत होती. सगळ्या आजारात हे मला सगळ्यात जास्त लागलं.

कामावर रुजू व्हायच्या आधी मीच म्हटलं, विहीर पुजायची राहिली आहे, ती पुजून टाकू. हिवाळा होता, बाबा वावरात कापूस वेचायच्या गडबडीत. कोणालाच बोलावलं नाही. मी, आई आणि स्वरा. स्वरा तोवर चांगली गुटगुटीत झाली होती, माझ्या कडेवर बसून माझं मंगळसूत्र चघळत होती.

आईने ताट आणून कठड्यावर ठेवलं. घागर ठेवली. कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि जाळी मागे लोटली. मी कठड्याजवळ जाऊन उभी राहिले. खाली तेच काळं पाणी. विचार आला. येणारच होता. माझे हात जरा गार पडले, स्वराला मी जरा घट्ट धरलं, मग हात सैल केले, कारण ती कुरकुरली.

आई माझ्याकडे पाहत होती. बराच वेळ पाहत होती. मग एकदम म्हणाली, "अवं, हळदकुंकू इसरली मी. आणतो, थांब."

आणि ती गेली. अंगण ओलांडून, ओसरी चढून, आत. मागे वळून पाहिलं नाही. मी, माझी पोरगी आणि उघडी विहीर. स्वराला पाण्यात काहीतरी दिसलं, तिने बोट केलं आणि "आ" म्हणाली. आवाज खाली जाऊन वर आला. ती खूश झाली. पुन्हा म्हणाली. मग मीही म्हटलं. आम्ही दोघी वाकून विहिरीला हाका मारत बसलो.

आईने चांगलाच वेळ लावला. आली ती रिकाम्या हाताने, डोळे पुसत.

"सापडलं नाई वं," म्हणाली.

सापडणार कसं? हळदकुंकवाचा करंडा ताटातच होता, नारळाच्या बाजूला. मी तो उचलून तिच्या पुढे धरला.